किसनाच्या हातातली तुही कुबडी

दुर्पते, तुही तेरवी होऊन आज चार दिवस झाले. विजय सुनेले घेऊन पुण्याले वापस गेला, पाहुणे गेले, मांडव उठला. मी छपरीत बसून लिहून राह्यलो. माही शाळा चौथीची, तुही सातवीची. मी काई लिहिलं का तू काने-मात्रे सुधरवत होती. आता जसं पडन तसं पडन.

मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं-चांगलं लिहितात. माह्याजवळ बी आहे लिहासारखं. पण माहं मन थाऱ्यावर नाई. तुही डाव्या काखेतली कुबडी जाम फाट्यावरच्या किसनाकडे गेली आहे. तो ती घेऊन दिवसातून दहा वेळा हायवे ओलांडते. अन् ती कधी तुटन ते मले सांगता येत नाई.

देल्ली ती नारायणनं. तुह्या भावाले काय मालूम. तेरवीचं जेवण आटपलं तवा भिंतीले टेकवलेली कुबडी त्याले दिसली. किसना जेवाले आलताच. आपल्या जामच्या जुन्या दुकानाच्या बाजूले पंक्चर काढणारा, ट्रकखाली एक पाय गेला तवापासून लाकडाच्या कुबडीवर चालणारा किसना. त्याच्या कुबडीचं खालचं रबर झिजून लाकूड फाटलं होतं.

नारायण म्हणे, "माह्या बहिणीची वस्तू व्हय. घरात धूळ खात पडण्यापेक्षा चालत्या माणसाच्या कामी येऊ दे. काय भाऊजी?"

मी मान हालवली.

"अन् जोडीची दुसरी?"

"असन माळ्यावर," मी म्हटलं.

किसनानं कुबडी काखेत घेतली, जमिनीवर दोनदा आपटून पाह्यली, नळीवरून बोट फिरवलं. "मिस्त्री, इथं तुमच्या हाताचं काम दिसते. मंग तं मी मरन, पण ही नाई मोडत."

चार लोक हासले. मी पाणी पेलो.

दुसरी माळ्यावर आहे हे काई खोटं नव्हतं. दोन तुकडे झालेली, गोधडीत गुंडाळलेली. हे फक्त तुले अन् मले मालूम.

त्या दिवशी तू दोरीवरचं लुगडं काढाले आंगणात गेली. मी आत चहा पेत होतो. कट् असा आवाज आला, सुकी काडी मोडते तसा, अन् मंग तू पडल्याचा. मी धावलो तं तू एका कुशीवर, पाय भलतीकडे वळलेला, तोंड पांढरं. मी हात लावाले गेलो तं तू म्हटलं, "पहिले तो तुकडा उचला."

"कोणता तुकडा?"

"कुबडीचा. उचला म्हणते ना. माळ्यावर टाका दोन्ही तुकडे. मॅडम येऊन राह्यली."

मी टाकले. खुबा मोडलेली बाई आंगणात ठेवून मी माळ्यावर चढलो. मंग समोरच्या खोलीतली भाडेकरू मॅडम आली, नारायण आला, अन् सगळ्याले तू एकच सांगतलं, पाय घसरला, शेवाळ होतं. वैशाखाचा महिना. आंगणात चिमणीले पेवाले पाणी नव्हतं, शेवाळ कुठचं. पण खुबा मोडलेल्या बाईले कोण उलट विचारते. नारायणनं दवाखान्यात मले फाडून खाल्लं. "लंगड्या बाईचं घर, अन् तुमच्यानं आंगण घासल्या जात नाई?" मी आइकून घेतलं. खरं सांगू, मले बरं वाटलं. शिव्या शेवाळाच्या होत्या, कुबडीच्या नव्हत्या, म्हणून बरं वाटलं. हेच मले आता खाते.

वर्ध्याच्या शिबिरात तुले ह्या कुबड्या भेटल्या त्याले सात-आठ सालं झाली असतील. त्याच्या आधी तू लहानपणच्या पोलिओचा पाय हातानं दाबून, वाकून चालत होती. त्या दिवशी दोन्ही कुबड्या काखेत घेतल्या, पाठ सरळ केली, अन् तू माह्यापेक्षा बोटभर उंच निघाली. लग्नाले तीस सालं होऊन गेल्यावर मले हे कळलं. तू म्हटलं, "अवो, तुमच्या टाळूवरचे केस कधी गेले?" दिवसभर मले वरून पाहून हासत होती. दुकानातून उठून समोरच्या हॉटेलात गेली, आपल्या हातानं चहा मांगितला, एकटी बसून पेली, अन् वापस आली. मी हातोडी खाली ठेवून पाहत होतो. तसा दिवस आपल्या घरात पुन्हा आला नाई.

मंग उजवी एसटीच्या दरवाज्यात अटकून वाकली. मी चाळीस सालं डेंटिंगचं काम केलेला माणूस. ट्रकचे मडगार्ड, दुधाचे कॅन, हॉटेलचे गंज-पातेले, सगळे सरळ केले. कुबडी जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, अन् जर्मनले नरम कराची आमची रीत सोपी आहे. वरून साबण घासाचा, खालून जाळ द्याचा. साबण काळा पडला का समजाचं, आता हे वळते. तशी मी तुही कुबडी वळवून सरळ केली. पंधरा दिवसात तुह्या वजनानं ती पुन्हा वाकली. तू चारचौघात धरून दाखवली, "पाहा, मिस्त्रीनं शेवग्याची शेंग करून देल्ली." मले ते लागलं. जाळ देल्ला म्हणून नरम राह्यली, हे मले कळलं होतं. दुसऱ्या वेळेले मी जाळ देल्लाच नाई. थंडीच शिकंज्यात धरली अन् लाकडी हातोड्यानं सरळ केली. अशी कडक झाली का टणटण वाजे. मी म्हटलं, आता वाकून दाखव. तिथं ती वाकली बी नाई. मंग डावी बी दोनदा वाकली, तिलेही मी तसंच केलं. थंडं.

रस्ता मोठा झाला, जामचं आपलं टिनाचं दुकान गेलं, अन् आपण विजयनं बांधलेल्या पिपरीच्या ह्या घरात आलो. समोरची खोली मॅडमले देल्ली. इंजिनेरिंग कॉलेजात शिकवणारी पोरगी, नाशिककडची, तुले काकू म्हणणारी. तिचा अभ्यास अल्युमिनियमवर आहे हे आइकून मी हासलो होतो. आपलं जर्मनच ते. म्हटलं, त्यात शिकासारखं काय आहे, मी जिंदगीभर ठोकलं. तिले राग नाई आला. म्हणे, "काका, मीपण ठोकतेच. फक्त माझा साचा पोलादाचा आहे." बोटायेवढी कांडी घ्याची, कोपरासारख्या वळलेल्या भोकातून जोरानं दाबून काढाची, पुन्हा घालाची, पुन्हा काढाची. बाहेरून कांडी तशीच्या तशी. आतून पुरी रगडलेली.

दिवाळीनंतर एक दिवस ती नागपुरातून त्या कांडीच्या आतले फोटो काढून आली अन् तुह्या मांडीवर ठेवले. तुले आठवते ना. काळे-पांढरे चट्टे, अन् त्यात फणीत केस गुंतते तशा काळ्या रेघा.

"काकू, एका केसाची रुंदी घ्या. तेवढ्यात यातले शेकडो कण बसतील, इतके बारीक आहेत हे."

"अन् हे गुंतलेलं काय व्हय?"

"ते दोष. धातूचे अणू ओळीनं लागलेले असतात, शेतातल्या पिकासारखे. एखादी ओळ मध्येच संपते. जिथं संपते तिथं दोष."

तू शेतकऱ्याची पोरगी. लगेच म्हटलं, "हा मंग. वावर निमुळतं असलं का पेरताना एक तास, म्हणजे पेरणीची ओळ, मधातच संपते. बाजूचे तास तिथं एकमेकाकडे झुकतात."

मॅडमनं पेन काढलं अन् तुहं बोलणं लिहून घेतलं. उद्या वर्गात सांगते म्हणे. तू दोन दिवस कोणाशी सरळ बोलली नाई, अभिमानानं येवढी फुगली.

मंग तिनं आपल्या सतरंजीले एका टोकाशी चुणी पाडली अन् पायानं ती पुढं ढकलत नेली. "अख्खी सतरंजी ओढायला जड जाते. पण अशी एक चुणी सरकवत नेली की सगळी सतरंजी बोटभर पुढे येते. धातू असाच वाकतो, आतले दोष सरकतात म्हणून. दोष नसते ना काका, तर तुमचं दुकान एक दिवस चाललं नसतं."

तू विचारलं, "अन् लय चुण्या झाल्या तं?"

"मग त्या एकमेकींत अडकतात. सरकायला जागा राहत नाही. धातू कडक होतो."

मी मांडीवर थाप मारली. "म्हणजे वाकवून सरळ केलेली नळी जास्त मजबूत. मी काय सांगत होतो?"

"कडक," मॅडम म्हणे. "मजबूत म्हणायची घाई नको. आम्ही साच्यात चारी बाजूंनी दाबतो, त्याला फाटायला वाव नसतो. तुमच्या शिकंज्यात एक बाजू दबते अन् दुसरी ताणली जाते. त्यात तिथं नळीला भोक असेल, तुमच्या कुबडीला उंची बदलायच्या बटणाचं असतं तसं, तर चीर तिथूनच..."

मी उठलो. पान खाऊन येतो म्हटलं.

दुर्पते, त्याच्यानंतर सहा महिने आपलं येवढंच भांडण. तू म्हणे, "मॅडमनं पुढं काय सांगतलं ते तुम्ही आइकलंच नाई." मी म्हणो, "हो, नाई आइकलं, मी पानठेल्यावर होतो." मी पानठेल्यावर नव्हतो. दारात चप्पल घालत होतो. सगळं आइकलं. माह्या हाताले चाळीस सालं जे कळत होतं ते खरंच होतं, सरळ केलेली जागा पुन्हा वाकत नाई. तेवढंच मले पुरत होतं. जे वाकत नाई ते तुटत नाई, असं मी धरून चाललो. त्या पोरीनं दोन वाक्यात ते चूक आहे म्हणून सांगतलं, अन् मी चप्पल घालून निघून गेलो.

उन्हाळा लागता-लागता उजवी तिसऱ्यांदा वाकली, पहिल्या जागेच्या बाजूलेच, बटणाच्या भोकापाशी. तू माह्यासमोर आणून ठेवली. "करून द्या सरळ." मॅडम म्हणे नवीन घ्या. तू म्हटलं, काय कराची नवीन, हे करून देतात ना. माही छाती फुगली. मी सरळ केली. आठ दिवसानं तू म्हटलं, टेकवली का कट-कट करते.

"बटणाचा आवाज व्हय," मी म्हटलं, अन् तेल टाकलं.

"तेल टाकून बी येते."

"मंग तुह्या कानाचा व्हय."

तू हासली. हासली म्हणून मी विषय सोडला. वीस-पंचवीस दिवसानं तू लुगडं काढाले आंगणात गेली.

दवाखान्यातला दीड महिना मी मोजत बसत नाई. डॉक्टर म्हणे छातीत कफ धरला, झोपून राहणाऱ्या माणसाले धरते. तू नर्सबाईले सांगून माह्यासाठी चहा मांगवत होती. माह्या सदऱ्याचं बटण तुटलं तं पडल्या-पडल्या लावून देल्लं. कुबडीचं नाव तू काढत नव्हती, मी काढत नव्हतो. एक दिवस दुपारी तू डोळे उघडले अन् म्हटलं, "अवो, त्या दुसऱ्या कुबडीचं..."

मी म्हटलं, "झोप आता. बोलू नको, दम लागते."

तू माह्याकडे पाह्यलं. जरा जास्त वेळ पाह्यलं. मंग भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तुह्या तोंडावर ऑक्सिजन लावला, अन् तुहं ते बोलणं मधातच राह्यलं. मोडून टाका म्हणत होती का? कोणाले देऊ नका? मी दिवसातून पन्नास वेळा पुरं करून पाहतो. दर वेळी वेगळं होते.

काल मी माळ्यावरचे तुकडे काढून मॅडमले दाखवले. आधी दाखवाले हिंमत झाली नाई. तिले काई बोललो नाई, फक्त तुकडे टेबलावर ठेवले. तिनं खिडकीपाशी नेऊन तुटलेली कड पाह्यली, लय वेळ.

"काका, हा काळपट भाग दिसतो? ही चीर जुनी आहे. अन् ही चमकणारी कड त्या दिवसाची. काकू पडल्या त्याच्या आधीच ही नळी अर्धी तुटलेली होती." मंग तिनं मान वर केली. "शेवाळ नव्हतं का?"

"नाई."

तिनं तुकडे टेबलावर ठेवले. मंग विचारलं, "दुसरी कुठे आहे?"

मी सांगतलं. तिनं खुर्ची ओढली अन् बसली.

"तिच्यात बी असन का?"

"सांगता येत नाही. डोळ्यानं दिसणार नाही, हाताला कळणार नाही. उद्या तुटेल, नाहीतर दहा वर्षं चालेल."

उद्या, नाई तं दहा सालं. कालपासून फोन वाजला का वाटते जामचाच असन. एसटीचा हॉर्न आइकला तरी मी उठून उभा राहतो. किसनाकडून कुबडी मांगाची तं काऊन ते सांगा लागते. जामच्या फाट्यावर सांगतलेली गोष्ट सांजेपर्यंत बोरगावले नारायणच्या दुकानात पोचते. खुबा मोडलेला असताना तू पहिलं जे बोलली ते मले वाचवाले. ते मी माह्या तोंडानं मोडू का? अन् नाई मोडलं, अन् किसना हायवेच्या मधात पडला तं?

सकाळच्या गाडीनं जातो. तुले विचारता आलं असतं तं विचारलं असतं.

*

वरचं मंगळवारी लिहिलं. आज शुक्रवार आहे.

मी वर्ध्यातून नवी लाकडाची कुबडी घेतली अन् जामले उतरलो. किसना रस्त्याच्या त्या बाजूले होता, हॉटेलसमोर. एका हातात चहाचा गिलास, काखेत तुही कुबडी, इकडे येण्याच्या तयारीत. नागपूरकडून ट्रक येऊन राह्यले होते. मी हात वर केला, थांब म्हणून. त्याले वाटलं मी बोलावतो. तो निघाला.

दुर्पते, मी माणसाकडे पाहत नव्हतो. मी नळीकडे पाहत होतो, बटणाच्या भोकापाशी. तो टेकवे अन् मले आवाज आइकू ये. आवाज नव्हता. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, किसनानं त्याले एक शिवी देल्ली, दोन उड्या मारल्या अन् माह्यापाशी आला. चहा अर्धा सांडला होता.

"काय मिस्त्री, भूत पाह्यलं का?"

"कुबडी दे."

"काऊन?"

"ही घे, नवी आहे. ती दे."

"काय बापा, तेराव्याले देल्लेलं दान आठ दिवसात वापस? वहिनी सपनात येऊन भांडल्या का?" बाकावरचे लोक हासले.

"ती तुटन, किसना."

"कशी तुटते?" त्यानं पुरं अंग तिच्यावर टाकलं अन् एक झोका घेतला. माहा जीव गेला. "तुम्हीच तं सरळ केली."

"म्हणूनच तुटन."

मी त्याच्या काखेतून ती ओढली. तो बाकाले धरून उभा राह्यला. मी कुबडी नालीच्या कठड्यावर आडवी ठेवली अन् पायानं दाबली, मोडून दाखवाले. मोडली नाई. पुन्हा दाबली. नुसती टणटण वाजली. सत्तरीचा माणूस रस्त्याच्या कडेले एका कुबडीवर नाचून राह्यला अन् ती मोडत नाई. किसनानं माह्या खांद्यावर हात ठेवला. येड्या माणसाले धरतात तसा धरला.

"मिस्त्री, बसा. पाणी प्या. वहिनी गेल्या, आता डोक्याले लावून घेऊ नका."

तवा मी बोललो. "तुही वहिनी शेवाळावरून नाई पडली. याच्या जोडीची तुटली म्हणून पडली. मीच सरळ केलती. आवाज येते म्हणत होती, मी म्हटलं तुह्या कानाचा व्हय."

चहावाल्यानं स्टोव्हले पंप मारणं थांबवलं. किसनानं माह्या हातातली नवी कुबडी घेतली, काखेत बसवली, उंची पाह्यली.

"नारायणभाऊले मालूम आहे?"

"तिकडेच चाललो."

"मी येऊ का संगं?"

"नको."

नारायण दुकानात ज्वारी मोजून राह्यला होता. मी गिऱ्हाईक जाण्याची वाट पाह्यली नाई. थांबलो असतो तं वापस आलो असतो. कुबडी गल्ल्याच्या बाजूले ठेवली अन् सगळं सांगतलं. पानठेल्याचं बी सांगतलं. गिऱ्हाईक बाई ज्वारी तशीच ठेवून निघून गेली. नारायणचं तोंड लाल झालं. मले वाटलं आता मारते, अन् मारलं असतं तं बरं झालं असतं. त्यानं मारलं नाई.

"तिले मालूम होतं, तुटणार आहे म्हणून?"

"आवाज येते म्हणत होती."

"मंग काऊन वापरत होती?"

ह्याचं उत्तर माह्याजवळ तयार होतं. दोन महिन्यापासून मी तेच धरून बसलो होतो. म्हटलं, "माह्या हातावर भरवसा होता तिचा."

नारायण हासला. रागातला माणूस हासते तसा. "भरवसा? तुमच्या हातावर? भाऊजी, तुम्ही कढईले कान बसवून देत होते तं ती पहिले पाणी भरून उचलून पाहे. विजयनं नवी जोडी घेतली होती. मले दाखवली बी. तिनंच घरात येऊ देल्ली नाई. म्हणे, दुकान गेल्यापासून ते दिवसभर भिंतीकडे पाहत बसतात, नारायण. हे एक काम आहे त्यायच्यापाशी, तं राहू दे."

मले हे मालूम नव्हतं, दुर्पते.

नारायण आत गेला. बस म्हटलं नाई, जा म्हटलं नाई. मी तसाच उभा. बऱ्याच वेळानं तो पाण्याचा लोटा घेऊन आला, माह्यासमोर ठेवला, अन् ज्वारीचं माप हातात घेऊन माह्याकडे पाठ केली. मी पाणी पेलो अन् निघालो. तो अजून बोलला नाई. बोलन का नाई ते मले माहीत नाई.

मी घरी येऊन रोज हेच फिरवतो डोक्यात. तू मले काम राहावं म्हणून वाकडी कुबडी आणून देत होती. मी तुले माहं काम दाखवाले ती सरळ करत होतो. दोघांतलं एक जरी तोंड उघडून बोललं असतं. तुह्या ह्या मायेचा मले राग येते, अन् राग आला का लाज वाटते. तीस-चाळीस सालं तू मले लहान होऊ देल्लं नाई कोणासमोर. दुकानात मी चुकलो तं तू गिऱ्हाईकाले म्हणे, मीच घाई केली. विजयले मारलं तं म्हणे, मीच चहाडी केली. मी येवढा सवयीचा झालो का खुबा मोडला तरी म्हटलं, हो, शेवाळच असन.

काल मॅडमनं डावी कुबडी मांगितली. भोकापाशी कापून आतून पाहते म्हणे, नागपूरले नेऊन. मी पहिले नाई म्हटलं. चीर निघाली तं किसना वाचला, अन् मंग तू सांगतलेल्या कट-कट आवाजाचं मी काय केलं ते पुरं उघडं पडलं. चीर नाई निघाली तं मी एक धड कुबडी हिसकली, अन् तुहं शेवाळाचं बोलणं चार लोकांत फुकट मोडलं. दोन्हीची मले सारखीच भीती वाटते. रातचं जाऊ दे, दिवसा बी वाटते.

मंग आज सकाळी मीच शिकंजा काढला. मॅडमनं पेन्सिलीनं खूण करून देल्ली, वर एक, खाली एक. मी करवत चालवली. ती खुणेवरून हालली नाई. तुकडा बोटायेवढा. तिनं कागदात गुंडाळला, वर नाव लिहिलं, अन् पिशवीत टाकता-टाकता थांबली.

"काका, तुम्हाला नको असेल तर काय निघालं ते मी नाही सांगणार. तुमच्या-माझ्यात विषय संपला."

मी म्हटलं, "सांगजो. मले बी सांगजो, नारायणले बी. चीर निघाली तरी अन् नाई निघाली तरी. झाकणारी गेली."